मध्यम गाळ्याच्या इमारतींसाठी लाकडी कैच्या : निवडीचे अर्थशास्त्र

शाळेचे सभागृह, धान्याचे गोदाम, बाजार समितीचा लिलाव-ओटा, ग्रामीण कार्यशाळा, चक्रीवादळप्रवण किनाऱ्यावरील समाजमंदिर या सर्व इमारतींची एक समान गरज असते. आतील जागा मोकळी हवी, मध्ये खांब नको. अशा इमारतीची रुंदी, म्हणजेच छताचा गाळा, साधारणपणे ८ ते २० मीटर असतो. याहून लहान गाळ्यावर साधी तुळई किंवा सिमेंट काँक्रीटचा स्लॅब पुरेसा ठरतो. याहून मोठ्या गाळ्यासाठी कमानी आणि अवकाश-जाळ्या लागतात. मधल्या पट्ट्यात राज्य असते ते कैचीचे. सार्वजनिक निधीतून दरवर्षी अशा असंख्य इमारती उभ्या राहतात आणि त्यांपैकी बहुतेकांवर पोलादी कोनपट्ट्यांची किंवा नळ्यांची कैची व त्यावर पत्रे हीच रचना गृहीत धरली जाते. गृहीत धरलेल्या गोष्टीची किंमत सहसा कोणी तपासत नाही.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत लाकडाच्या वापरावर १९९३ पासून असलेली बंदी २०२० मध्ये उठविण्यात आली. त्यामुळे तीन दशकांपूर्वी मिटलेला प्रश्न पुन्हा खुला झाला आहे. मध्यम गाळ्याच्या छतासाठी अभियांत्रिकी पद्धतीने प्रतवारी केलेले, वाळवलेले व जोडलेले लाकूड हा पोलादाला खरोखरीचा पर्याय आहे काय, आणि असेल तर कोणत्या परिस्थितीत? हा प्रश्न वरवर पाहता स्थापत्य अभियंत्याचा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात वननीती, कृषिवानिकी, सार्वजनिक खरेदीचे नियम आणि सूट-दराची निवड असे अर्थशास्त्राचे अनेक विषय गुंतलेले आहेत.

लाकूड मागे का पडले?

देशात लाकडी कैचीची परंपरा जुनी आहे. केरळातील मंदिरे, कोकणातील कौलारू घरे आणि ब्रिटिश काळातील बराकी, मालधक्के व गिरण्या यांची छपरे लाकडावरच उभी होती. किंग पोस्ट व क्वीन पोस्ट या कैच्यांची नावे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सुतारकामाच्या विद्यार्थ्यांना आजही पाठ असतात. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेने भारतीय वृक्षजातींच्या बळाच्या पद्धतशीर चाचण्या केल्या आणि त्यांच्या आधारे भारतीय मानकांत लाकडाची बळानुसार विभागणी झाली.

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने वनांकडे प्राधान्याने पर्यावरणीय संतुलनाचे साधन म्हणून पाहिले. वनांतील लाकडाऐवजी अन्य सामग्री वापरावी आणि उद्योगांनी आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांकडून मिळवावा, अशी तिची दिशा होती. १९९३ ची बंदी याच विचारसरणीतून आली. पुढे १२ डिसेंबर १९९६ रोजी टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आराखड्याशिवाय होणारी वनांतील तोड थांबवली. ईशान्येकडील राज्यांतून बाहेर जाणाऱ्या लाकडावर निर्बंध आले आणि असंख्य आरागिरण्या बंद पडल्या. जंगल वाचविण्याच्या दृष्टीने हे आवश्यक होते, याविषयी दुमत असू नये.

मात्र त्याच सुमारास आणखी एक घटना घडली होती, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. जानेवारी १९९२ मध्ये पोलादाच्या किमती व वितरणावरील सरकारी नियंत्रण उठले. नियंत्रणाच्या काळात पोलाद परवान्यावर मिळे आणि म्हणूनच खिळ्यांनी जोडलेल्या लाकडी कैचीला एक आर्थिक कारण होते. ते कारण नाहीसे झाले. एका बाजूने लाकडाला मज्जाव आणि दुसऱ्या बाजूने पोलादाची मुबलकता, अशा दुहेरी दाबाखाली लाकडी संरचनेचे ज्ञानच अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातून व कंत्राटदारांच्या सवयीतून ओसरले. सामग्री परत आणता येते. कौशल्य परत आणण्यास एक पिढी लागते.

दरम्यान लाकडाचा पुरवठा वनांतून शेतांकडे सरकला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशाचे वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या २१.७६ टक्के, तर वनांबाहेरील वृक्षाच्छादन ३.४१ टक्के आहे. तरीही वनांबाहेरील वृक्षांपासून मिळू शकणाऱ्या औद्योगिक लाकडाची वार्षिक क्षमता याच अहवालात सुमारे ९.१५ कोटी घनमीटर इतकी अंदाजली आहे. हरियाणा, पंजाब व पश्चिम उत्तर प्रदेशातील पॉपलर, आंध्र व तेलंगणातील निलगिरी, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील सुरू आणि केरळातील वय झालेले रबराचे झाड ही या पुरवठ्याची ठळक उदाहरणे आहेत. यमुनानगर व पेरुंबावूर येथील प्लायवुड उद्योग याच लाकडावर वाढला.

या शेतकऱ्यापुढील अडचण बाजाराची आहे. पॉपलरचे पीक सहा ते आठ वर्षांनी तोडणीस येते. लागवडीच्या वेळचा भाव आणि तोडणीच्या वेळचा भाव यांत संबंध राहत नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उत्तर भारतात पॉपलरचा पुरवठा एकाच वेळी वाढून भाव कोसळले आणि अनेकांनी लागवडच सोडून दिली. त्यानंतर लाकडाची चणचण भासली. कोळिष्टक-सिद्धांत शिकताना पाठ्यपुस्तकात बटाटा किंवा डुकरांच्या मांसाचे उदाहरण दिले जाते. भारतीय विद्यार्थ्याने पॉपलरचे उदाहरण लक्षात ठेवावे. प्लायवुड व कागद या दोनच ग्राहकांवर अवलंबून असलेल्या लाकडाला इमारतीच्या संरचनेचा तिसरा, अधिक मूल्य देणारा ग्राहक मिळाला तर भावाला आधार मिळू शकतो. कैचीच्या प्रश्नात शेतकऱ्याचे हित गुंतले आहे ते असे. २०१४ च्या राष्ट्रीय कृषिवानिकी धोरणामागेही हाच विचार होता.

कैची भार कसा पेलते?

निवडीचे अर्थकारण समजण्यासाठी कैचीचे थोडे यंत्रशास्त्र आवश्यक आहे. तुळईवर भार आला की ती वाकते आणि तिच्या वरच्या कडेला दाब, तर खालच्या कडेला ताण निर्माण होतो. मधला भाग जवळपास निरुपयोगी असतो. कैची हा मधला भाग काढून टाकते. वरची व खालची भुजा त्रिकोणांनी जोडली जाते आणि प्रत्येक घटकावर प्रामुख्याने सरळ ताण किंवा सरळ दाब येतो. त्यामुळे कमी सामग्रीत मोठा गाळा साधतो.

एक उदाहरण घेऊ. गाळा १२ मीटर, मध्यभागी उंची ३ मीटर आणि कैच्यांमधील अंतर ३ मीटर आहे. छताचा उतार सुमारे २६.५ अंशांचा होतो. पत्रे, पर्लिन व कैची यांचे वजन प्रति चौरस मीटर ०.४५ किलोन्यूटन धरले आणि भारतीय मानकानुसार उतरत्या छतावरील चल भार ०.४२ किलोन्यूटन धरला, तर एकूण भार ०.८७ होतो. (मानकात १० अंशांपर्यंत ०.७५ किलोन्यूटन आणि पुढील प्रत्येक अंशामागे ०.०२ ची घट, मात्र किमान ०.४, असा नियम आहे.) एका कैचीच्या वाट्याला ३६ चौरस मीटर छत येते, म्हणजे सुमारे ३१ किलोन्यूटन. प्रत्येक टोकावर त्याचा निम्मा. उतार दोनास एक असल्याने टोकाजवळ खालच्या भुजेतील ताण या निम्म्या भाराच्या दुप्पट, म्हणजे पुन्हा ३१ किलोन्यूटनच्या आसपास येतो. बोलीभाषेत सांगायचे तर तीन टनांची ओढ.

लाकडासाठी चौरस मिलिमीटरला ७ न्यूटन इतका सुरक्षित ताण धरला, तर हा ताण घेण्यास ५० × १०० मिलिमीटरची फळी पुरते. हे ऐकून आश्चर्य वाटते, परंतु येथेच नवशिक्याची फसगत होते. फळी ताण घेऊ शकते, पण तो ताण एका फळीतून दुसरीत नेण्यासाठी सांध्यात खिळे किंवा बोल्ट बसवावे लागतात. खिळ्यांमध्ये, तसेच खिळा व कड यांच्यामध्ये पुरेसे अंतर न ठेवल्यास लाकूड तंतूंच्या दिशेने फाटते. म्हणून प्रत्यक्षात फळीची रुंदी बहुधा सांधाच ठरवतो. लाकडी कैचीचा खर्च सांध्यात असतो आणि तिचे अपयशही बहुतेक वेळा सांध्यातच असते.

गाळा वाढल्यावर काय होते? उंची गाळ्याच्या प्रमाणात वाढवली तर घटकांतील बल गाळ्याच्या प्रमाणात वाढते. घटकांची लांबीही त्याच प्रमाणात वाढते. म्हणजे एका कैचीतील सामग्री गाळ्याच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि प्रति चौरस मीटर छतामागील सामग्री गाळ्याच्या प्रमाणात वाढते. १० ऐवजी २० मीटरचा गाळा घेतल्यास छताच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ढोबळमानाने दुप्पट लाकूड लागते. ‘गाळा मोठा असला की बरे’ असे म्हणणाऱ्या नियोजकाने ही किंमत आधी पाहावी. शाळेच्या वर्गखोल्यांना मध्ये भिंत चालत असेल तर १६ मीटरची कैची कशासाठी? त्याउलट गोदामात एका खांबामुळे मालमोटारीचा मार्ग अडत असेल तर ही किंमत देण्याजोगी आहे.

‘अभियांत्रिकी’ लाकूड म्हणजे नेमके काय?

पोलादाच्या दोन पट्ट्या जवळपास सारख्या असतात. एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या नसतात. गाठी, तिरके तंतू, भेगा व ओल यांमुळे लाकडाचे बळ मोठ्या प्रमाणात बदलते. संरचनेची आखणी सरासरी फळीवर करता येत नाही, ती दुर्बळ फळी गृहीत धरूनच करावी लागते. म्हणजेच चांगल्या फळ्यांचे बळ वाया जाते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही अपुऱ्या माहितीची किंमत होय. अभियांत्रिकी लाकूड ही किंमत कमी करण्याचा मार्ग आहे.

त्याची पहिली पायरी साधी आहे : प्रतवारी. आयएस ८८३ या मानकानुसार संरचनात्मक लाकडाचे स्थितिस्थापकतेवरून अ, ब व क असे तीन गट पडतात. साल पहिल्या, साग दुसऱ्या आणि देवदार तिसऱ्या गटात येतो. प्रत्येक जातीत पुन्हा दोषांवरून निवडक, पहिली व दुसरी प्रत ठरते. पहिल्या प्रतीचे सुरक्षित बळ १ मानले तर निवडक प्रतीसाठी १.१६ आणि दुसऱ्या प्रतीसाठी ०.८४ हे गुणक आहेत. निवडक व दुसऱ्या प्रतीतील हा फरक सुमारे ३८ टक्क्यांचा आहे. आरागिरणीच्या आवारात दोन्ही फळ्या एकाच ढिगात, एकाच भावात विकल्या जात असतील, तर चांगल्या लाकडाला बाजारात बक्षीस नाही. ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल मांडलेला सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो.

दुसरी पायरी वाळवणीची. ओले लाकूड बसवल्यावर वाळते, तंतूंना आडव्या दिशेने आक्रसते आणि सांधे सैल होतात. देशाच्या हवेतील आर्द्रतेनुसार मानकाने चार विभाग पाडले आहेत. राजस्थानात योग्य ठरणारी ओल कोकणात योग्य ठरत नाही. तिसरी पायरी संरक्षक प्रक्रियेची. पॉपलर व रबराच्या लाकडात वाळवी, भुंगेरे व बुरशी यांना विरोध करण्याची नैसर्गिक क्षमता फारच कमी आहे. रबराचे लाकूड तर कापल्यानंतर लगेच प्रक्रिया न केल्यास डागाळते. बोरॉनयुक्त द्रव्ये छताखालील कोरड्या जागेत उपयुक्त ठरतात, पण पावसाच्या संपर्कात ती धुऊन निघतात. निलगिरी बळकट आहे, पण वाळताना वाकते व चिरते. थोडक्यात, शेतातील झाड स्वस्त असले तरी कैचीच्या योग्यतेला येईपर्यंत ते तितके स्वस्त राहत नाही.

यापुढील पायऱ्या कारखान्यातील आहेत. पातळ फळ्या तंतूंची दिशा समांतर ठेवून एकमेकींना चिकटवल्या की ग्लुलॅम तयार होते. जर्मनीतील ऑटो हेट्झर यांनी १९०६ मध्ये या तंत्राचे महत्त्वाचे पेटंट घेतले. झाडाची साल सोलावी तसे पातळ पापुद्रे सोलून, ते एका दिशेत चिकटवले की लॅमिनेटेड व्हिनिअर लंबर मिळते, ज्याला व्यापारात एलव्हीएल म्हणतात. त्यासाठी आयएस १४६१६ हे भारतीय मानक आहे. दोन्हींत गाठी विखुरल्या जातात आणि एका दुर्बळ जागेवर सारा भार येत नाही. लहान व्यासाच्या, सहा-आठ वर्षांच्या झाडापासून लांब व भरवशाचा घटक बनवता येतो, ही एलव्हीएलची भारताच्या दृष्टीने सर्वांत मोलाची बाजू आहे. प्लायवुडसाठी पापुद्रे सोलणारी यंत्रे देशात आधीच आहेत.

सांध्यांच्या बाबतीतही एक मोठा बदल विसाव्या शतकात झाला. अमेरिकेतील फ्लोरिडा येथे कॅल्व्हिन ज्युरिट यांनी १९५५ मध्ये जस्तलेपित पत्र्यातूनच दात ठोकून काढलेली जोडपट्टी शोधली. ती यंत्राने दाबली की एका वेळी अनेक खिळ्यांचे काम होते. उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलियातील घरांच्या छपरांत या पद्धतीच्या कैच्या सर्रास वापरल्या जातात. परंतु ही पट्टी मऊ, सरळ तंतूंच्या पाइन लाकडासाठी सोयीची आहे. सालसारख्या कठीण लाकडात दात शिरत नाहीत, वाकतात. तेथे आधी भोक पाडून मारलेले खिळे किंवा बोल्ट व पोलादी पट्ट्या हाच मार्ग उरतो. आयएस २३६६ हे खिळेजोड लाकडी बांधणीचे मानक १९८३ चे असले तरी छोट्या कार्यशाळेसाठी ते अजूनही सर्वाधिक उपयोगी आहे. परदेशी तंत्र जसेच्या तसे उचलण्याचा मोह आवरण्यासाठी एवढे उदाहरण पुरे.

वारा, पाणी आणि आग

मे २०१९ मधील ‘फनी’ आणि जून २०२० मधील ‘निसर्ग’ या चक्रीवादळांनी ओडिशाच्या व रायगडच्या किनाऱ्यावरील असंख्य छपरे उडवली. हलक्या छताला खरा धोका खालच्या दिशेच्या भाराचा नसून वरच्या दिशेच्या ओढीचा असतो. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागानुसार वाऱ्याचा दाब, चौरस मीटरला न्यूटनमध्ये, आराखडा-वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणून मिळतो. भुवनेश्वरसाठी मूळ वेग सेकंदाला ५० मीटर आहे. अन्य गुणक बाजूला ठेवले तर दाब १५०० न्यूटन, म्हणजे १.५ किलोन्यूटन येतो. छताचे स्वतःचे वजन ०.४५. उघड्या बाजूंच्या ओट्यात वारा आत शिरून खालूनही ढकलतो. वजन वजा जाता चौरस मीटरला १ किलोन्यूटन इतकी निव्वळ ओढ राहिली, तरी वरील उदाहरणातील कैचीच्या प्रत्येक टोकाशी सुमारे १८ किलोन्यूटन, म्हणजे १.८ टन, वर खेचणारे बल असते. दोन खिळ्यांनी भिंतीवरच्या फळीला ठोकलेली कैची ते कसे सहन करणार?

आणखी एक गोष्ट घडते. एरवी ताणात असणारी खालची भुजा अशा वेळी दाबात येते. लांब व सडपातळ भुजा दाबाखाली बाजूला वाकते. म्हणून खालच्या भुजांना आडवे बंधन देणे आवश्यक असते. खर्च वाचवताना कंत्राटदार सर्वप्रथम हेच बंधन गाळतो, कारण साध्या नजरेला त्याचा काही उपयोग दिसत नाही. मानकाने वारा व भूकंप यांच्या अल्पकालीन भारासाठी लाकडाचे सुरक्षित बळ १.३३ पट धरण्याची मुभा दिली आहे. लाकूड झटका चांगला सोसते, ही त्यामागील वस्तुस्थिती. पण नांगरणी नसेल तर या गुणाचा उपयोग शून्य. हा आक्षेप पोलादी कैचीलाही तितकाच लागू आहे, हे मात्र नमूद केले पाहिजे.

पाण्याच्या बाबतीत नियम सोपा आहे : लाकूड भिजले तर चालते, ओले राहिले तर चालत नाही. कैचीचे टोक भिंतीत चिणून टाकले की तेथे हवा लागत नाही आणि कूज सुरू होते. जुन्या इमारतींतील कैच्या बहुधा मध्यभागी नव्हे, तर याच टोकांशी निकामी झालेल्या आढळतात.

आगीबाबत दोन टोकाचे समज प्रचलित आहेत. ‘लाकूड जळते, म्हणून नको’ हा पहिला. जाड लाकडावर कोळशाचा थर धरतो आणि जळण्याचा वेग मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर इतका मंद राहतो, उलट उघडे पोलाद ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला जवळपास निम्मे बळ गमावते, म्हणून लाकूडच अधिक सुरक्षित, हा दुसरा. दुसरे विधान जाड ग्लुलॅमच्या बाबतीत खरे आहे. ३५-४० मिलिमीटर जाडीच्या फळ्या आणि जेमतेम ८-१० मिलिमीटर खोल रुतलेले दात असलेल्या हलक्या कैचीच्या बाबतीत ते फसवे आहे. कोळशाचा थर दातांइतका खोल जाण्यास पंधरा मिनिटेही लागत नाहीत. अशा छताखाली गर्दी जमणार असेल तर आतून जिप्समचे आच्छादन द्यावे लागते आणि त्याचा खर्च लाकडाच्या खात्यावर मांडावा लागतो.

किंमत : आज आणि तीस वर्षांत

दर टनाची तुलना येथे निरर्थक आहे. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो, लाकडाची जातीनुसार साधारण ४५० ते ८५०. तुलना हवी ती प्रति चौरस मीटर तयार छताची, तीही इमारतीच्या आयुष्यभराची. पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी मानलेले आहेत. समुद्रकाठच्या एका गोदामासाठी पोलादी कैचीच्या छताचा प्रारंभिक खर्च १०० आणि प्रक्रिया केलेल्या लाकडी कैचीच्या छताचा ११० एकके आहे, असे समजू. खाऱ्या हवेमुळे पोलादाच्या गंजरोधक रंगकामासाठी दर ५ वर्षांनी ८ एकके लागतात. लाकडाची तपासणी, बोल्ट आवळणे व संरक्षक द्रव्याचा हात यांसाठी ३ एकके. कालावधी ३० वर्षे, म्हणजे देखभालीच्या पाच फेऱ्या.

वार्षिक ४ टक्के सूट-दराने पाच फेऱ्यांच्या गुणकांची बेरीज २.८८ येते. पोलादाचे वर्तमान मूल्य १२३.१, लाकडाचे ११८.७. लाकूड स्वस्त. ८ टक्के दराने बेरीज १.८२ होते, पोलाद ११४.६, लाकूड ११५.५, म्हणजे जवळपास बरोबरी. १२ टक्क्यांना बेरीज १.२३ वर येते आणि पोलाद १०९.९, तर लाकूड ११३.७. पोलाद स्पष्टपणे स्वस्त. दोन्ही पर्याय समान ठरतात तो दर सुमारे ७ टक्के आहे. इमारत तीच, वारा तोच, लाकूड तेच. निकाल बदलला तो भविष्याला किती किंमत द्यायची या एका निर्णयामुळे. सार्वजनिक प्रकल्पासाठी सामाजिक सूट-दर कोणता धरावा, हा कल्याणकारी अर्थशास्त्रातील जुना वाद अशा साध्या छपरातही असतो.

आता गृहीतके बदलून पाहावीत. इमारत कोरड्या दख्खनच्या पठारावर असेल तर रंगकामाची फेरी दहा वर्षांनी पुरेल आणि लाकडाचा फायदा नाहीसा होईल. लाकडावर प्रक्रियाच केली नाही आणि बाराव्या वर्षी चौथा हिस्सा लाकूड बदलावे लागले, तर कोणत्याही दराने पोलाद सरस ठरेल. देखभालीचा निधी वेळेवर मिळत नाही अशा संस्थेसाठी तर दोन्ही हिशेब कागदावरचेच. तेथे दुर्लक्ष अधिक काळ सोसणारी सामग्री निवडणे शहाणपणाचे, आणि ती बहुधा जस्तलेपित पोलाद असते.

कार्बनच्या हिशेबातही सावधपणा हवा. भारतात एक टन कच्च्या पोलादामागे सुमारे २.५ टन कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन होते. जागतिक सरासरी २ टनांहून किंचित कमी आहे. एक टन कोरड्या लाकडात सुमारे अर्धा टन कार्बन, म्हणजे १.८ टन कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. ही तुलना आकर्षक आहे. परंतु तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे लावले गेले आणि आयुष्य संपल्यावर कैचीचे सरपण झाले नाही, तरच तो साठा हिशेबात धरता येतो. न्यूझीलंडहून कांडला बंदरात उतरून गांधीधामच्या आरागिरण्यांत चिरल्या जाणाऱ्या पाइनची बेरीज यमुनानगरच्या पॉपलरपेक्षा वेगळी येणार, हेही ओघाने आलेच. शिवाय आयातीच्या लाकडाने भारतीय शेतकऱ्याचे काहीच साधत नाही.

निविदेत काय लिहावे?

वरील विवेचनावरून असे दिसते की, अभियांत्रिकी लाकडाची कैची सर्वत्र योग्य नाही आणि सर्वत्र अयोग्यही नाही. साधारण ८ ते १५ मीटर गाळा, किनारी किंवा रासायनिक गंजाचा प्रदेश, शंभर-दोनशे किलोमीटरच्या आत लागवडीच्या लाकडाचा व पापुद्रे सोलणाऱ्या कारखान्यांचा पुरवठा, आणि देखभालीची निश्चित जबाबदारी असलेली संस्था, या परिस्थितीत तिची बाजू बळकट आहे. १५ ते २० मीटरच्या पट्ट्यात ग्लुलॅम किंवा लाकूड व पोलाद यांची मिश्र कैची विचारात घ्यावी. मिश्र रचनेत दाब घेणारी वरची भुजा लाकडाची आणि ताण घेणारी खालची भुजा पोलादी गजाची असते. तिचे सांधे सोपे होतात आणि भारतीय कारागिराला ती आवाक्यातील वाटते. लांब कैची एकसंध वाहून नेणे अवघड असल्याने ती दोन अर्धांत आणून जागेवर जोडावी लागते, हा खर्च अंदाजपत्रकात अनेकदा विसरला जातो.

खरी अडचण निविदेत आहे. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम देण्याची पद्धत प्रारंभिक खर्च पाहते, तीस वर्षांचा नाही. ‘लाकूड, उत्तम प्रतीचे’ एवढेच लिहिलेल्या निविदेत ओले, प्रतवारी न केलेले लाकूड देणाराच जिंकतो, आणि प्रामाणिक पुरवठादार पुढच्या वेळी येतच नाही. वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये खरेदीविषयक जे निर्देश काढले, त्यांनुसार निवडक कामांत गुणवत्तेला जास्तीत जास्त ३० टक्के भार देता येतो. ही तरतूद लहान छतांपर्यंत पोहोचणे कठीण आहे. त्यापेक्षा निविदेच्या मजकुरातच बळाचा गट, प्रत, पुरवठ्याच्या दिवशीची ओल, संरक्षक द्रव्याचे प्रमाण व खोली, सांध्याचा आराखडा आणि भिंतीशी नांगरणी या गोष्टी आकड्यांत लिहिणे अधिक परिणामकारक ठरेल. ओल मोजण्याचे उपकरण हातात मावते आणि कनिष्ठ अभियंता ते पाच मिनिटांत वापरू शकतो.

वाहतुकीतील अडथळे काहीसे कमी झाले आहेत. खासगी जमिनीवरील लाकडासाठी देशभर चालणारी एकसमान वाहतूक-परवाना प्रणाली डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. २०१७ च्या दुरुस्तीने वनांबाहेरील बांबू कायद्यातील ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळला गेला होताच. परंतु परवाना मिळालेले लाकूड आणि कैचीला योग्य लाकूड यांत वाळवणीची भट्टी, प्रक्रियेची टाकी व प्रतवारीचा शिक्का एवढे अंतर आहे. सहकारी साखर कारखान्याने उसासाठी जे केले ते शेतकरी उत्पादक कंपनीने लाकडासाठी करावे, अशी सूचना सहज सुचते. मात्र उसाचे पीक वर्षा-दीड वर्षाचे असते आणि झाडाचे सहा-आठ वर्षांचे. भट्टीसाठी घेतलेल्या कर्जाचा पहिला हप्ता पहिल्या तोडणीच्या कितीतरी आधी देय होतो. हा काळ भरून काढणारी कर्जयोजना आणि तोडणीपूर्व खरेदी-करार यांशिवाय शिक्का मारण्याजोगे लाकूड बाजार समितीच्या ओट्यापर्यंत पोहोचणार नाही.